लहान जिवांची ओळख

मोठ्या प्राण्यांना माणूस ओळखतो तो भीतीमुळे, नाहीतर उपयोगामुळे. वाघ, बिबट्या, बैल, घोडा ही नावे मूल शाळेत जाण्याआधीच शिकते. लहान जिवांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. पायाखालून सरकलेल्या, भिंतीवरून पळालेल्या, दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या जिवाला आपण ‘काहीतरी’ म्हणतो. काहीतरी चावले, काहीतरी सरपटले, अंथरुणात काहीतरी होते. एवढ्याशा शब्दात शेकडो जाती सामावून जातात आणि आपले काही अडत नाही. या ‘काहीतरी’चे नाव काय असेल, हा प्रश्न मला चाळिशीत पडला आणि तो प्रवासामुळे पडला.

नाशिक जिल्ह्याचा पश्चिम भाग घाटमाथ्याचा. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत आषाढात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगावकडे जावे तर तोच आषाढ ढग दाखवून पुढे निघून जातो आणि माळावरचे कुसळी गवत वाट पाहत राहते. नोकरीच्या कामासाठी मला दोन्हीकडे जावे लागे. काम तासाभराचे आणि परतीची एस.टी. तीन तासांनी, हा ठरलेला हिशोब होता. पारावर बसून वर्तमानपत्राच्या जाहिरातीही वाचून झाल्या की गावाबाहेर चालत जायचे. मुलाने नवा कॅमेरा घेतल्यावर बाजूला पडलेला त्याचा जुना कॅमेरा एके दिवशी मी पिशवीत टाकला, आणि त्या रिकाम्या तासांना काम मिळाले.

पहिले लक्षात राहिलेले छायाचित्र सिन्नरच्या माळावरचे आहे. वैशाखातले ऊन होते. एका दगडावर बोटभर लांबीचा, मातीच्याच रंगाचा सरडा पुढच्या पायांवर ताठ उभा राहिला आणि त्याने गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी उघडली. पांढरट पिशवी, तिच्यात निळी रेघ. उघडली, मिटली, पुन्हा उघडली. काही अंतरावर दुसऱ्या दगडावर तसाच एक नर तेच करीत होता. पावसाळ्याच्या आधीचे हे दिवस त्यांच्या विणीचे; मादीला बोलावणे आणि दुसऱ्या नराला धमकावणे ही दोन्ही कामे ती पिशवी करते. एरवी त्या माळावर काही नाही असे कोणीही सांगितले असते. सरकारी कागदांत अशा जमिनीला पडीक म्हणतात.

या सरड्यांची पुढची हकीकत मराठीच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आपल्या भागातील असे पंखा उघडणारे सरडे बराच काळ पुस्तकांत एका नावाखाली गोळा केलेले असत. २०१६ मध्ये भारतीय संशोधकांनी त्यांची नव्याने तपासणी केली. अंगाची ठेवण, हाडे आणि जनुके पाहून त्यांनी काही सरड्यांसाठी एक वेगळी प्रजाती मांडली. या वेगळ्या सरड्यांच्या नरांच्या गळ्यावर निळा, काळा आणि नारिंगी असे भडक रंग असतात. नव्या प्रजातीला त्यांनी नाव दिले ‘सरडा’. आपलाच शब्द, लॅटिन नावांच्या पंक्तीला बसवलेला. त्यातील एका जातीला डार्विनचे नाव मिळाले. दुसरी, ‘सरडा सुपर्बा’, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची. जगातील कोणत्याही देशातील प्राणिशास्त्रज्ञाला आता या प्राण्याविषयी लिहिताना मराठी शब्द उच्चारावा लागतो. त्याला ‘डा’ जमत असेल की नाही, हा वेगळा प्रश्न.

चाळकेवाडीला मी पुढे एका मे महिन्यात गेलो. पठारावर पवनचक्क्यांची रांग लागली आहे. त्या पात्यांच्या सावल्या जमिनीवरून फिरत असताना हा चिमुकला नर आपला रंगीत गळा उघडून उभा असतो. याच पठारावरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण इतर भागाच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आलेले आढळले. घारी-ससाण्यांची भीती कमी झाली म्हणून सरड्यांची संख्या वाढली. त्यांच्या रक्तातील ताणाची संप्रेरके उतरली. माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळेनासे झाले. हे सारे सुखाचे वाटते. परंतु गर्दीमुळे अन्नाची ओढाताण वाढली असावी, आणि त्यांच्या गळ्याचे रंग फिके पडले होते. हे वाचल्यापासून एखादा सरडा सहज जवळ येऊ देतो तेव्हा छायाचित्र चांगले मिळाल्याचा आनंद मला निर्भेळपणे घेता येत नाही. तो का पळत नाही, असे मनात येतेच.

छायाचित्र काढले म्हणजे ओळख पटली, असा नवशिक्याचा समज असतो. खरे तर छायाचित्र हा ओळखीचा अर्धाच कागद असतो. त्यात आकारमान कळत नाही. म्हणून जवळपासचे पान, काडी, शक्य तर पट्टी चौकटीत येऊ द्यावी लागते. त्यात आवाज नसतो. आणि दिसायला जुळ्या असणाऱ्या बेडकांच्या कित्येक जाती ओळखता येतात त्या ओरडण्यावरून. पालींचे तर विचारूच नका. पाठीवरचे खवले किती ओळींत आहेत, बोटांखालच्या पट्ट्या किती, नराच्या मांडीच्या आतल्या बाजूला सूक्ष्म छिद्रे किती, यांवर जात ठरते. आणि आपल्याजवळ असते ते तिच्या पाठीचे, तेही शेपटीकडून घेतलेले चित्र. म्हणून एका देखण्या छायाचित्रापेक्षा पाच साधी छायाचित्रे मला मोलाची वाटू लागली: डोके वरून, डोके बाजूने, पूर्ण अंग, शेपूट आणि ती जागा. शेवटचे फारसे कोणी काढत नाही. वहीत तारीख, वेळ, गाव, दगड की झाड, ऊन की सावली. ही नोंद चित्राइतकीच महत्त्वाची. चित्र धूसर निघाले तर चित्रापेक्षाही अधिक.

पूर्वी ओळख बंदुकीने होत असे. सलीम अलींच्या आयुष्याची दिशा बदलली ती लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीमुळे. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, म्हणून ती ओळखून घेण्यासाठी ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथे त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवण्यात आली. त्या काळी दुसरा मार्गही नव्हता. कॅमेऱ्याने प्राणी जिवंत राहतो, हा मोठाच लाभ. मात्र कॅमेरा निरुपद्रवी आहे असे मी म्हणणार नाही. चांगल्या चित्रासाठी घरट्यापुढची फांदी मोडणारे, बेडूक ओल्या पानावर उचलून ठेवणारे, विंचवाला काडीने डिवचून नांगी उभारायला लावणारे लोक मी पाहिले आहेत. ती चित्रे सुंदर असतात आणि त्यांतले काहीच खरे नसते.

नावांचा विषय निघालाच आहे तर मारुती चितमपल्लींचे स्मरण करायला हवे. वनखात्यातील नोकरीत, रानात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी पाखरांची, झाडांची, प्राण्यांच्या सवयींची नावे गोळा केली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. जेथे शब्द नव्हता तेथे त्यांनी तो घडवला. बगळे-करकोच्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ हे त्यांचे शब्द. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर थंडीत उभे राहिले की असा शब्द नसता तर आपण काय म्हटले असते, असे वाटते. ‘पुष्कळ पक्षी’ एवढेच. सर्पांच्या बाबतीत मात्र मराठी मुळातच श्रीमंत आहे. धामण, दिवड, नानेटी, हरणटोळ, तस्कर, गवत्या, चापडा, फुरसे. शेपटीचे टोक खापरीसारखे खरखरीत म्हणून ‘खापरखवल्या’. कोणीतरी हा बिळात राहणारा साप हातात घेऊन शेपटीवरून बोट फिरवल्याशिवाय हे नाव सुचलेले नाही.

आता ज्या प्रसंगामुळे या छंदाकडे मी केवळ छंद म्हणून पाहीनासा झालो, तो सांगतो. श्रावणात पेठ तालुक्यातील एका पाड्यावर होतो. पाऊस कोसळत होता. कुडाच्या भिंतींचे घर, एका बाजूला गुरे, दुसऱ्या बाजूला चूल. कुडाच्या वरच्या कडेला, वाशाजवळ, दीड हात लांबीचा एक पट्टेरी साप दिसला. घरातील तरुण काठी घेऊन आला. “मण्यार आहे,” तो म्हणाला. अंगावर आडवे पट्टे, म्हणजे मण्यार; गावोगाव हीच व्याख्या आहे, आणि तिच्यापायी मारले जातात ते बहुतेक बिनविषारी कवड्या. कवड्या पालींच्या मागावर भिंती आणि वासे चढतो. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे नेमके उलट: काळसर निळ्या अंगावर बारीक पांढरे पट्टे, बहुधा जोडीजोडीने, मानेकडे जवळजवळ नाहीत आणि शेपटीकडे ठळक. शिवाय तिच्या पाठीच्या कण्यावरचे खवले इतरांपेक्षा मोठे आणि षट्कोनी असतात.

मी दारातूनच छायाचित्र घेतले आणि पडद्यावर मोठे करून पाहिले. तपकिरी अंग, पिवळसर पट्टे, पहिला पट्टा मानेवर. घरातील म्हातारीने विचारले, “खात्री आहे का, सर? पोरं खालीच निजतात.”

या प्रश्नाचे वजन पुस्तकात नसते. मण्यारीचा दंश बहुतेक वेळा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. तो फारसा दुखत नाही, सूज येत नाही, पुष्कळदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, आणि श्वास बंद पडेपर्यंत घरच्यांना सापाची शंकाही येत नाही. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असा अंदाज संशोधकांनी मांडलेला आहे. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील. एका बाजूला हा आकडा, आणि दुसऱ्या बाजूला वाशावर अंग आकसून बसलेला, पालीच्या शोधात आलेला एक जीव.

“आजी, फोटोवरून मला हा कवड्या वाटतो,” मी म्हणालो. “पण हात कोणी लावू नका. मुलांना शेजारी न्या. सर्पमित्राला फोन करू.” तरुणाने काठी खाली केली, पण सोडली नाही, आणि ते योग्यच होते. सर्पमित्र दीड तासाने भिजत आला. त्याने बॅटरीच्या उजेडात डोके पाहिले, पाठ पाहिली आणि सांगितले, कवड्याच. साप पिशवीत गेला. त्यानंतर म्हातारीने सगळ्यांना कोरा चहा दिला आणि ‘मण्यार कशी असते ते दाखवा’ म्हणाली. पाड्यावरची दहा-बारा माणसे माझ्या फोनभोवती जमली. सर्पमित्राने त्यांना चित्रांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट सांगितली: दंश झाला तर साप ओळखत बसू नका, मारून बरोबर आणू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते. वेळ घालवू नका, दवाखाना गाठा.

‘आहे’ आणि ‘वाटतो’ या दोन क्रियापदांमधील अंतर मला त्या दिवशी जितके स्पष्ट दिसले तितके व्याकरणाच्या तासाला कधी दिसले नव्हते. वहीत मी आजही नावापुढे दोहोंपैकी एक शब्द लिहितो.

ओळख नावावर संपत नाही; ती कोठे पटली हेही तिच्यात येते. याची सर्वांत मोठी साक्ष नंदुरबार जिल्ह्यात आहे. पिंगळा आपल्याला ठाऊक असतो. पहाटे कंदील घेऊन दारी येणाऱ्या आणि भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्यालाही त्याच्याच नावाने ओळखतात. त्याचा एक भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. ह्यूम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १८७३ मध्ये त्याची नोंद केली. नंतर मिळालेले बरेचसे नमुने खानदेशातले, डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात जमवलेले. पुढे पक्षी कोणाला दिसेना. ब्रिटिश लष्करातील कर्नल मायनर्ट्झहॅगन याने मात्र आपण १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळवल्याचे सांगितले होते, आणि पेंढा भरलेला पक्षी चिठ्ठीसह संग्रहालयात ठेवला होता. त्यामुळे अभ्यासक त्या चिठ्ठीवरच्या ठिकाणी शोधत राहिले. सलीम अलींनाही तो सापडला नाही. मध्यंतरी एक छायाचित्र रानपिंगळ्याचे म्हणून पुढे आले. तपासल्यावर ते साध्या पिंगळ्याचे निघाले.

१९९०च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने तो पेंढ्याचा पक्षी पुन्हा तपासला. शिवण उसवून, आतला कापूस आणि टाक्यांची पद्धत पाहून असे दिसले की हा डेव्हिडसनचाच जुना नमुना. संग्रहालयातून चोरलेला, नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. खोटे ठिकाण बाजूला सारल्यावर उरली ती खरी ठिकाणे. त्यांच्या मागावर ती दोन सहकाऱ्यांसह निघाली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला एका झाडावर, दिवसाउजेडी, रानपिंगळा बसलेला दिसला. माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, शेपटीवर रुंद पट्टे, पायांवर दाट पांढरी पिसे. १८८४ नंतर ११३ वर्षांनी. या वेळी पक्षी पडला नाही. त्याची चित्रफीत आणि छायाचित्रे तेवढी घेतली गेली. पुढे मेळघाटात, मध्य प्रदेशात आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही तो आढळला. एका खोट्या चिठ्ठीने किती वर्षे आणि किती पायपीट वाया घालवली, याचा हिशोब करता येणार नाही.

म्हणून ठिकाण खरे लिहावे, अचूक लिहावे, हे मी मानतो. आणि तरीही एका नोंदीचे ठिकाण मी कोणाला सांगत नाही.

येवल्याकडे एका शेताच्या बांधावर मला मांडूळ दिसले होते. बोथट शेपूट डोक्यासारखीच दिसते म्हणून याला दुतोंड्या म्हणतात; सहा महिने एका तोंडाने आणि सहा महिने दुसऱ्या तोंडाने चालतो, अशी समजूत आहे. साप अगदी गरीब, बिनविषारी, उंदीर खाणारा. त्याच्यामुळे गुप्तधन सापडते, असाध्य रोग बरे होतात, अशा भाकडकथांवर त्याची तस्करी चालते. वर्तमानपत्रात ‘मांडूळ जप्त’ ही बातमी वारंवार येते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे, बाळगणे, विकणे गुन्हा आहे. परतीच्या एस.टी.त शेजारी बसलेल्या गृहस्थांना मी सहज चित्रे दाखवत होतो. सरडा, नाकतोडे, कोळी यांवरून त्यांचे बोट भरभर पुढे सरकले. मांडुळावर थांबले.

“हे कुठलं, भाऊ?”

“इकडचंच.”

“इकडचं म्हणजे कुठल्या गावचं? आणि वजन किती असेल?”

बाजारात त्याचा भाव वजनावर ठरतो, हे मला ठाऊक होते. ज्याला सापाचे कुतूहल असते तो लांबी विचारतो, विष विचारतो. वजन कोणी विचारत नाही. मी फोन खिशात ठेवला आणि द्राक्षांच्या भावाविषयी बोलू लागलो. तेही काही वेळ त्याच विषयावर बोलले आणि पुढच्या थांब्यावर उतरताना पुन्हा म्हणाले, “नंबर द्या की तुमचा.” मी दिला नाही.

घरी आल्यावर पाहिले तर फोनने त्या चित्रामागे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदवून ठेवले होते. हे चित्र मी हौसेने कोणाला पाठवले असते तर बांधापर्यंतची वाट त्यासोबतच गेली असती. ज्या तपशिलामुळे अभ्यासकाला चित्राची किंमत वाटते, त्याच तपशिलामुळे तस्करालाही वाटते. तेव्हापासून मी दोन वह्या ठेवतो. एकीत सारे काही असते, गट क्रमांकासह. ती वनखात्याच्या माणसाने किंवा ओळखीच्या संशोधकाने मागितली तर उघडतो. दुसरी दाखवण्यासाठी, तिच्यात तालुक्याच्या पुढे काही नसते. मायनर्ट्झहॅगनने चिठ्ठी खोटी लिहिली आणि मी ती अर्धी लिहितो, यात फरक आहे असे मी स्वतःला सांगतो. आणि फरक आहेच. तरीही अर्धी चिठ्ठी लिहिताना हात थोडा अडखळतो.

पहिल्या वहीत त्र्यंबकेश्वरच्या बाजूची एक पाल आहे. एका कातळाच्या कपारीत, भर दुपारी, पावसाच्या दोन सरींच्या मधल्या वेळात दिसलेली. करंगळीएवढी, गोल बाहुलीची, कातळावरच्या शेवाळाच्याच रंगाची. माझ्याजवळच्या कोणत्याही पुस्तकातील चित्राशी ती जुळत नाही. एका तरुण संशोधकाने चित्रे पाहून सांगितले की हिचा गट ओळखता येतो, जात नाही. मांडीवरची छिद्रे मोजावी लागतील. त्यासाठी परवाना घेऊन तिला पकडावे लागेल, उलटी करावी लागेल, आणि ती नवी निघाली तर बहुधा एखादी बाटलीतही जाईल. त्याने ठिकाण विचारले. मी पहिली वही काढली आणि ते पान त्याच्यापुढे ठेवले. त्याने त्यावरून सर्व उतरवून घेतले: कातळ, दिशा, वेळ, पाऊस. नावाच्या जागी मी पेन्सिलीने एक रेघ ओढून ठेवली आहे. पाऊस सुरू झाला की तो येणार आहे.